दिंडोरीकर, युहफार्क दिंडोरीत लावा असं मी कुठे म्हटलंय?

नमस्कार दिंडोरीकर,

शोमलोच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिखट आहे, पण बागेत उभं राहून काम केलेल्या माणसाची आहे, त्यामुळे "धन्यवाद, मतभेद असू शकतात" एवढ्यावर भागवणं बरं दिसलं नसतं.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात. पश्चिम हंगेरीत शोमलो नावाची एकुलती टेकडी आहे. तिथे नवरा, बायको आणि मुलगी मिळून चालवत असलेल्या छोट्या वायनरीबद्दल मी लिहिलं होतं. युहफार्क आणि फुरमिंट या तिकडच्या जुन्या वाणांची वाइन ते करतात. त्यावर दिंडोरीकर म्हणतात, वाण खरंच चांगला असता तर जगाने लावला असता. शार्दने लावली, कॅबरने लावली (हे जगभर पसरलेले फ्रेंच वाण), युहफार्कला कुत्रंही विचारत नाही. "देशी वाण" हे लेबलावर छापायचं कौतुक. ज्वालामुखीच्या मातीची चव ही शुद्ध थाप. आणि शेवटी टोला: परदेशात बसून नाशिकच्या शेतकऱ्याला असली स्वप्नं दाखवू नका.

टोल्याचा निकाल आधी लावते. नाशिककडे कुणी युहफार्क लावावा असं त्या लेखात एक वाक्यही नाही, आणि लावू नयेच. फुरमिंट तर ऑक्टोबर संपत आला तरी वेलीवर असतो, त्याला लांबलचक थंड शरद लागतो आणि मग बर्फातली सक्तीची झोप. तुमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, वेलीला झोप म्हणून नाहीच, आणि वाइनचा माल निघतो जानेवारी ते मार्च. तिथे शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ लावणारे शहाणेच आहेत. हा विषय संपला.

आता खरा मुद्दा. "चांगला असता तर जगाने लावला असता." हे वाक्य मी इथे हंगेरीत ग्योर शहरातही ऐकते, ऑफिसातले हंगेरियन सहकारीसुद्धा म्हणतात. ऐकायला बिनतोड आहे, पण बाजारात वाण टिकतो किंवा जातो तो फक्त चवीवर नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

युहफार्कचा घड डोळ्यांसमोर आणा. लांब, सरळ नळीसारखा, टोकाशी किंचित वळलेला. मणी इतके खेटून की बोटाचं नख आत जात नाही. थिनिंग (मण्यांची विरळणी) करायची म्हटली तरी कात्री कुठे घालणार? मधला एक मणी फुटला की कूज आतल्या आत पसरते आणि बाहेरून कळेपर्यंत अर्धा घड गेलेला असतो. फवारणी घडाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. वर भुरीला (बुरशीच्या रोगाला) हा वाण हळवा, कडक थंडीलाही हळवा. आणि एवढं सांभाळून मिळतं काय, तर आम्लाने भरलेला, सुरुवातीला जवळजवळ मुका रस, जो दोन-चार वर्षं बाटलीत राहिल्याशिवाय तोंड उघडत नाही. हे सगळं ऐकून कोणती मोठी कंपनी शंभर एकरांवर युहफार्क लावेल?

शोमलोच्या दक्षिणेला, बालातॉन सरोवराच्या उत्तर काठावर, बादाचोन्य नावाचा डोंगर आहे. तिथला केकन्येल्यू तर याहून अवघड. त्याचं फूल वरवर पाहता पूर्ण असतं, पण टोपी गळून पडली की पुंकेसर ताठ राहत नाहीत, खाली वळतात, आणि परागकण वांझ. म्हणजे सेटिंगसाठी (फुलाचा मणी होण्यासाठी) शेजारी दुसरा वाण हवाच. म्हाताऱ्यांनी त्याच्या ओळींत बुदाई झल्ड नावाचा वाण मिसळून लावलेला असायचा. जूनमध्ये, ऐन फुलोऱ्यात, आठवडाभर पाऊस लागला तर घडावर मणी कमी आणि मोकळे देठ जास्त. वर्षाचा हिशेब त्या आठवड्यात ठरतो.

आता असे वाण मागे कसे पडले ते बघा. 1875 मध्ये हंगेरीच्या तेव्हाच्या राज्यात पानचोवाला (आज ते गाव सर्बियात आहे) फायलोक्सेरा (वेलीची मुळं खाणारी कीड) सापडला, आणि पुढच्या काही दशकांत बागांच्या बागा उपटाव्या लागल्या. पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा प्रत्येक वेलीला कीड सोसणाऱ्या खुंटावर (म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळाच्या भागावर) कलम करायचा खर्च होता. खर्च करून लावायचं तर भरवशाचं लावा, हा विचार कुणीही करेल. फायलोक्सेराच्या आधी युहफार्क हंगेरीत बऱ्याच ठिकाणी होता. नंतर तो मुख्यतः शोमलोपुरता उरला. मग दुसऱ्या महायुद्धानंतर सामुदायिक शेती आली. ट्रॅक्टर जाईल एवढ्या रुंद ओळी, उंच ओलांडा (वेलीचे आडवे हात), हेक्टरी जास्तीत जास्त टनेज. मुख्य गिऱ्हाईक सोव्हिएत संघ, आणि त्याला हवी होती गोडसर, स्वस्त, टँकरभर वाइन. कादार्का हा एके काळचा हंगेरीचा मुख्य लाल वाण. त्याची साल पातळ, तो कुजायला टपलेला, आणि जुन्या पद्धतीत झुडपासारखा बुटका वाढवलेला, म्हणजे सगळं काम कंबर मोडून हाताने. त्याच्या जागी केकफ्रांकोश आणि इतर सोयीचे वाण आले. 1985 मध्ये गोर्बाचेव्हनी दारूविरोधी मोहीम काढली आणि तेही गिऱ्हाईक आखडलं. ज्या बाजारासाठी वाण बदलले तो बाजारच काही वर्षांत बुडाला. या सगळ्यात चवीची परीक्षा नेमकी कधी झाली, मला सांगा.

आणि युहफार्क शोमलोवरच का राहिला? तिथल्या वरच्या उतारावर ट्रॅक्टर नीट चढत नाही. पट्ट्या लहान, मालक शेकड्यांनी, प्रत्येकाची दगडी प्रेसघराची खोली. योजनाकारांना तिथे रस नव्हता. त्या कुटुंबाकडे आज जो युहफार्क आहे तो आजोबांनी परंपरा जपायची म्हणून ठेवला नाही. घरी पिण्यापुरती बाग होती, उपटायला पैसा नव्हता, म्हणून राहिला. मुलीने मला हे हसत सांगितलं. आज तीच गोष्ट त्यांचं भांडवल आहे, कारण काही हजार बाटल्यांच्या वायनरीने शार्दने करून चिलीशी किंमतीत टक्कर द्यायची म्हणजे आत्महत्या. युहफार्क मात्र चिलीकडे नाही.

चवीबद्दल म्हणाल तर एकच उदाहरण पुरेसं आहे, आणि ते ईशान्य हंगेरीतल्या टोकायचं. फुरमिंट म्हणजे तिथल्या प्रसिद्ध असू या गोड वाइनचा पाया. शरदात तिस्सा आणि बोद्रोग नद्यांवरून धुकं चढतं, मण्यांवर बोट्रायटिस ही बुरशी बसते, मणी मनुक्यासारखे सुकतात आणि ते एकेक वेचून घेतात. पण याच फुरमिंटची कोरडी (गोड नसलेली) वाइन म्हणजे आंबट, ओबडधोबड, रोजच्या जेवणाची, असं दशकानुदशकं मानलं गेलं. मग टोकायमधल्या माड गावच्या इश्तवान सेप्शींनी उराग्या नावाच्या एका उतारावरच्या फुरमिंटचं उत्पादन मुद्दाम खाली आणून 2000 च्या हंगामाची कोरडी वाइन काढली, आणि लोकांचं मत फिरलं. आज कोरडा फुरमिंट टोकायच्या गंभीर वाइनमध्ये धरला जातो. वाण तोच होता. हेक्टरी टनेज कमी झालं आणि कुणीतरी त्याच्याकडे नीट लक्ष दिलं, इतकंच. "जगाने लावला नाही" हा निकाल 1995 मध्ये तुम्ही कोरड्या फुरमिंटवरही दिला असता.

तसं पाहिलं तर जगाने हंगेरीचं लावलंय. फक्त जमिनीखाली. पेचचे तेलेकी झिगमोंद यांनी 1896 मध्ये फ्रान्समधून अमेरिकन बेर्लांदिएरी द्राक्षाच्या संकराचं बी आणलं, त्यातून रोपं वाढवली आणि चुनखडीच्या जमिनीत फायलोक्सेराला तोंड देणारे खुंट निवडले. त्याच रोपांतून पुढे ऑस्ट्रियात 5बीबी आणि जर्मनीत एसओ4 हे खुंट निघाले. युरोपातल्या कितीतरी शार्दने आणि कॅबरने याच खुंटांवर उभ्या आहेत. तुमच्या बागेत डॉगरिज किंवा 110आर असेल, ते या घराण्यातले नाहीत, पण खुंटाचं मोल तुम्हाला मी काय सांगू.

आता "देशी". इथे मी तुमच्या बऱ्यापैकी जवळ आहे. कादार्का बाल्कनमधून आलेला, हे डीएनएनेही दाखवलंय. केकफ्रांकोशचा जन्म आजच्या स्लोव्हेनियाच्या बाजूचा. खुद्द फुरमिंटच्या आईबापांपैकी एक गुए ब्लाँ ही जुनी द्राक्षजात, जी अर्ध्या युरोपात भटकली आणि शार्दनेचीही आई आहे. म्हणजे फुरमिंट आणि शार्दने सावत्र भावंडं! रक्ताच्या शुद्धतेवर बोलायचं तर फार थोडे वाण पास होतील. पण मग आपल्याकडच्या सोनाका द्राक्षाचं काय करायचं? त्याचा मूळ वाण थॉमसन सीडलेस काही सोलापूरचा नव्हे. तरी नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी त्यातली वेगळी वेल हेरून सोनाका उभा केला, तासगावकडच्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश निवडला, आणि त्यांना परकं म्हणायची हिंमत मी तरी तासगावच्या बाजारात करणार नाही. दक्षिण हंगेरीत सेकसार्दला हायमान कुटुंबाची वायनरी नेमकं हेच कादार्काचं करतेय: जुन्या बागांतून वेली गोळा करायच्या, कुणाचा घड सैल, कुणाची कूज कमी, ते वर्षानुवर्षं पाहून त्यातल्या निवडायच्या. मी "देशी" लिहिते ते या कामासाठी. लेबलावर कुणी "हजार वर्षांचा वाण" छापत असेल तर तो जाहिरातवाला.

शिवाय मी परक्या वाणांची शत्रू नाही. दक्षिण हंगेरीतल्या विलान्यचा कॅबरने फ्राँ प्यायल्यावर कुणी त्यांचा शत्रू राहूच शकत नाही.

ज्वालामुखीची चव. दगड विरघळून ग्लासात येत नाही, हे मान्य, आणि लेखात "खारट, धुरकट" लिहिलं ते चवीचं वर्णन होतं, भूगर्भशास्त्र नव्हे. बसाल्टमुळेच तशी चव येत असती तर दिंडोरीच्या वाइनलाही आली असती, दख्खनच्या पठाराचा मोठा भाग तोच दगड, तोही साडेसहा कोटी वर्षांचा. शोमलोचा बसाल्ट त्यापुढे कालचा पोर. पण काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो, पाणी साचू देत नाही, आणि सपाट मैदानात एकटी उभी असलेली टेकडी वारा खाते. खेटलेल्या घडाच्या, कुजक्या वाणाला वाऱ्याइतकं औषध नाही. युहफार्क तिथे जगला याचं कारण मला चवीच्या गूढापेक्षा या वाऱ्यात जास्त दिसतं.

बाकी तुम्ही लिहिलंत की छोटी वायनरी म्हणजे आपोआप चांगली असं मी भासवते. नाही हो. शोमलोवरच एका तळघरात मला जे पाजलं ते सरळ व्हिनेगरच्या वाटेवर होतं, आणि यजमानांना ते "नैसर्गिक" वाटत होतं. वायनरी लहान असण्याचा फायदा एकच, हट्टी वाण परवडतो. सल्फर कधी द्यायचं, पिंप कधी भरून ठेवायचं हे न कळणाऱ्याला तो फायदा वाचवत नाही. ज्या कुटुंबाबद्दल लिहिलं ते हे कळणारे आहेत, म्हणून लिहिलं.

राहिला तुमच्या पुतण्याचा प्रश्न, मेमध्ये तो व्हिएन्नाला कामासाठी येतोय आणि "चाखून तरी बघेल" म्हणालात. अवश्य. शोमलोला गाडीने यावं, सार्वजनिक वाहनाने तिथे हाल होतात. गाडी नसेल तर बुडापेस्टहून तापोल्त्साकडे जाणारी रेल्वे बालातॉनच्या उत्तर काठाने थेट बादाचोन्यला सोडते, स्टेशनवरून बागा दिसतात. तळघरात गेल्यावर नव्या वर्षाच्या बाटलीवर मत बनवू नकोस म्हणावं. एकाच उताराच्या युहफार्कची ताजी बाटली आणि पाच-सहा वर्षं जुनी बाटली शेजारी शेजारी मागायची. बरेच जण उघडून देतात, पैसे मात्र आधी विचारून घ्यावेत. आणि मेच्या शेवटी आला तर केकन्येल्यूच्या ओळीत शिरून फुलोरा सुरू झालाय का ते पाहायचं, फोटो तुम्हाला पाठवायचा. सेटिंगचा अंदाज तुम्ही त्याच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही बरा सांगाल.