बँडविड्थ नाही हो साहेब, सीपीयू झोपलाय!

रात्री पावणेतीनला फोन. "अख्खा तालुका ओरडतोय, नेट नाही." लॅपटॉप उघडला तर राउटरमध्ये लॉगिनच होईना. गाडी काढली, पीओपीवर, म्हणजे आमच्या नेट कंपनीची यंत्रं असतात तिथे, जाऊन राउटरला थेट कन्सोल केबल लावली. सीपीयू ९९ टक्के. लिंकवर ट्रॅफिक? निम्मासुद्धा नाही. लॉगमध्ये एकच रडगाणं : होल्ड टायमर (शेजारी राउटरची वाट बघायची मुदत) संपला, बीजीपी (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती बोली) डाउन. परत अप, परत डाउन.

कुठल्याशा बॉटनेटनं (हॅकरच्या ताब्यातल्या मशिनींच्या टोळीनं) राउटरच्याच आयपीवर एसएसएच (लांबून लॉगिन) आणि एसएनएमपीचा (लांबून देखरेख) मारा लावला होता. जेमतेम काही एमबीपीएस. १०० जीबीपीएस वाहणारी पेटी एवढ्यावर आडवी!

अहो, गिऱ्हाइकांची पॅकेटं चिप परस्पर पुढे ढकलते, सीपीयूला त्याचा पत्ताही नसतो. पण राउटरच्या स्वतःच्या नावानं आलेलं सगळं त्या गरिबापुढे येऊन पडतं. बीजीपीचे कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी जिवंत आहे' हे निरोपही त्यानंच पाठवायचे. तो कचरा चिवडत बसला की पलीकडचा राउटर ९० नाहीतर १८० सेकंद वाट बघतो आणि सेशन तोडतो. जोडलं की पुन्हा लाखो रूट्स नव्यानं गिळा. आधीच धापा टाकणारा सीपीयू, त्यावर हे!

याचा उपाय आरएफसी ६१९२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटची जाहीर तांत्रिक कागदपत्रं) मध्ये मार्च २०११ पासून लिहून ठेवलाय, नमुन्याच्या कॉन्फिगसकट. बीजीपीचा पोर्ट १७९ फक्त ओळखीच्या पीअरना (शेजारी राउटरना), एसएसएच फक्त आपल्या मॅनेजमेंट रेंजमधून, पिंग चालू पण मापात, बाकी सगळं बाहेर. थेट जोडलेल्या पीअरच्या पॅकेटचा टीटीएल (दर हॉपला, म्हणजे वाटेतल्या दर राउटरला, एकानं उतरणारा आकडा) २५५ आहे का बघा, हे तर २००७ च्या आरएफसी ५०८२ मध्ये आहे. मधे एक जरी हॉप आला तरी आकडा उतरतो, लांबून सोंग घेताच येत नाही.

दोन वर्षं मी एका रात्रीची मेंटेनन्स विंडो मागतोय. साहेबांचं एकच, "चालू गाडीला हात लावू नकोस." मान्य, माझ्या आधीच्या पठ्ठ्यानं फिल्टर लावताना ओएसपीएफला (आपल्याच नेटवर्कातले राउटर आपापसात रस्ते सांगतात ती बोली) परवानगी द्यायचं विसरून ४० सेकंदांत सगळं पाडलं होतं. म्हणून काय दार सताड उघडं ठेवायचं? आधी नुसतं मोजा, काय काय येतंय ते बघा, मग अडवा ना!

सकाळी साहेब काय म्हणाले? "अजून १० जीबीपीएस घेऊन टाकू या." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आणि हो, एसएनएमपीची कम्युनिटी, म्हणजे त्याचा पासवर्डच, अजूनही 'पब्लिक'च आहे. बदलायचं तिकीट मंजुरीसाठी पडलंय. साहेबांकडेच.