आधी डोंगर समजावा, मग सामान विका

जून लागला की माझ्याकडे ठरावीक मेसेज यायला लागतात. "ताई, पावसाळी ट्रेकला कोणतं जॅकेट घेऊ?" "बूट कोणते?" "भाऊ केदारकंठाला चाललाय, मायनस दहाची स्लीपिंग बॅग पुरेल ना?" विचारणारे बहुतेक जण दुकानात चक्कर मारून आलेले असतात. कंपनीने लिहिलेलं खरेदीचं मार्गदर्शनही त्यांनी वाचलेलं असतं. एवढं वाचूनही शेवटी त्यांना कुणा ओळखीच्या माणसालाच विचारावं लागतं. लोकांना वाचायला आणि वापरायला सोप्या पडतील अशा रचना करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि सुट्टी मिळाली की मी सह्याद्रीत असते. त्यामुळे हा प्रकार मला फार टोचतो.

माझं स्पष्ट मत आहे की ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्यांनी आपली सगळी माहिती मोडून नव्याने मांडायला हवी. सध्या ती वस्तूंच्या कप्प्यांप्रमाणे लावलेली असते: जॅकेट, बूट, तंबू, सॅक. पण घरातून निघणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे कप्पे नसतात. 'हरिश्चंद्रगडावर मुक्काम आहे, जानेवारी आहे, पहिलीच वेळ आहे' एवढंच त्याला माहीत असतं. सुरुवात तिथून करा.

स्लीपिंग बॅगचंच बघा. चांगल्या बॅगेवर तीन तापमानं छापलेली असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. हे आकडे मनाने ठरवलेले नसतात. आधी युरोपात ईएन १३५३७ हे मानक होतं, आता आयएसओ २३५३७ आहे. प्रयोगशाळेत गरम केलेला पुतळा बॅगेत झोपवून ते मोजतात. कम्फर्ट म्हणजे साधारण बांध्याची बाई सैल अंगाने, थंडी न वाजता झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे साधारण बांध्याचा पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम ही जीव तगण्याची हद्द आहे, तीही सहा तासांपुरती आणि हायपोथर्मियाचा (शरीराचं तापमान जिवाला धोका होईल इतकं उतरण्याचा) धोका धरून. वर हे सगळं मोजताना पुतळ्याच्या खाली मॅट असते आणि अंगात पूर्ण बाह्यांचे आतले कपडे असतात. मॅट नसेल तर ते आकडे तुमच्यासाठी नाहीतच, कारण अंगाखाली दबलेली बॅग जमिनीचा गारवा अडवू शकत नाही.

आता विकताना ठळक अक्षरांत कोणता आकडा लावतात ते नीट पाहा. बऱ्याच ठिकाणी तो सगळ्यात थंड आकडा असतो. डिसेंबरात साडेबारा हजार फुटांवर पहिल्यांदाच निघालेली मुलगी तो वाचते, निश्चिंत होते आणि रात्रभर कुडकुडते. तिची काय चूक? तीनपैकी तिने कोणता आकडा बघायचा हे सांगणारं एक वाक्य त्या आकड्याशेजारीच हवं होतं. ते दुसऱ्या कुठल्या तरी लेखाच्या सातव्या परिच्छेदात असून उपयोग नाही.

जॅकेटचं तर आणखी कठीण. त्यावर छापलेलं '१०,००० मिमी' म्हणजे कापडावर पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच होईपर्यंत पाणी आत झिरपत नाही. माहिती बरोबर आहे. पण जुलैत भीमाशंकरच्या वाटेवर निघालेल्याला तिचा उपयोग मर्यादित. घाम बाहेर टाकणारं कापड काम करतं ते आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या दमटपणात फरक असतो म्हणून. आपल्याकडे श्रावणात ढगातून चालताना बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. त्यात खडी चढण आणि पाठीवर सॅक. अर्ध्या तासात माणूस आतून घामाने चिंब होतो आणि मग ज्याने हजारो रुपयांचं जॅकेट घेतलंय त्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. वस्तू वाईट नसते. ती कुठल्या हवेसाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

सह्याद्रीत मुरलेली माणसं काय सांगतात? भिजणारच आहात हे धरून निघा. सुती कपडे नकोत, जीन्स तर अजिबात नको. अंगावर पटकन वाळणारं कापड, वारा अडवायला वरून पातळ जॅकेट, आणि कपड्यांचा एक कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या आत. रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका, पाठीवरून ओघळणारं पाणी ते अडवत नाही. माथ्यावर भर्राट वारा सुटला की ओल्या अंगातली ऊब झरझर जाते, आणि हायपोथर्मिया व्हायला बर्फ लागत नाही. यातली किती वाक्यं तुम्ही विक्रेत्याच्या लिखाणात वाचली आहेत? मला तिथे बहुतेक वेळा आल्प्स दिसतात, युरोपातली शरद ऋतूतली रिमझिम दिसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो हिशेब त्यात नसतो.

बुटांच्या सोलवरचं व्हिब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचं पिवळं चिन्ह अनेकांनी पाहिलं असेल. त्यामागची गोष्ट अशी: १९३५ साली इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा साथीदार आल्प्समध्ये दगावले. पायातली पादत्राणं त्या हवेला पुरी पडली नाहीत. त्या धक्क्यातून १९३७ मध्ये त्यांनी खोल खाचांचा रबरी सोल आणला. म्हणजे हा सोल एका विशिष्ट डोंगरात, विशिष्ट संकटातून जन्मला. आपला प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यातल्या घसाऱ्यावर खोल खाचा कामाला येतात. ओल्या काळ्या कातळावर रबर किती मऊ आहे हे जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि शेवाळावर कुठलाच सोल भरवशाचा नाही. ॲक्शन कंपनीचे स्वस्तातले ट्रेकिंग बूट महाराष्ट्रात इतके चालले ते कातळावर पकड धरतात हे एका ट्रेकरने दुसऱ्याला सांगितलं म्हणून. ते तोंडोतोंडी पसरलेलं ज्ञान कागदावर आणायला कुणी बसलं का?

हे जमतं, जगात झालेलं आहे. अमेरिकेतल्या सिएटलच्या 'द माउंटेनियर्स' या संस्थेने १९३० च्या दशकात डोंगरात न्यायच्या दहा वस्तूंची यादी केली: नकाशा, होकायंत्र, जादा कपडे, काडेपेटी, चाकू वगैरे. सत्तरएक वर्षं ती चालली. २००३ मध्ये त्यांनी ती पुन्हा मांडली आणि वस्तूंची नावं काढून तिथे गरजा लिहिल्या: दिशा शोधणं, उन्हापासून बचाव, ऊब, उजेड, प्रथमोपचार, आग, दुरुस्ती, अन्न, पाणी, अचानक रात्र काढावी लागली तर आडोसा. माझ्या क्षेत्रातल्या कुणालाही मी हा बदल नमुना म्हणून दाखवेन. यादी दहाचीच राहिली, पण वाचणारा आता 'माझ्याकडे अमुक आहे का' याच्याऐवजी 'पाण्याचं मी काय केलंय' असा विचार करतो. मार्च-एप्रिलमध्ये गडावरची टाकी आटलेली असतात तेव्हा हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर बाटलीच्या ब्रँडमध्ये नसतं.

त्याच सिएटलच्या गिर्यारोहकांतून १९३८ मध्ये डोंगरातलं सामान विकणारी आरईआय ही सहकारी संस्था उभी राहिली. लॉइड अँडरसन यांना चांगली बर्फकुऱ्हाड परवडेल अशा भावात तिथे मिळेना, म्हणून त्यांनी ती थेट ऑस्ट्रियातून साडेतीन डॉलरमध्ये मागवली. मग मित्रांनाही हवी झाली, आणि तेवीस जणांनी मिळून संस्था काढली. चढणारी माणसंच विकणारी झाली. म्हणून 'हे कशाला लागतं' हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते १९७२ चं उदाहरण. पुढे पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढणारे अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन शुईनार्ड तेव्हा गिर्यारोहणाची लोखंडी साधनं विकत. पिटॉनवर, म्हणजे खडकात ठोकायच्या खिळ्यांवर, त्यांचा बहुतांश धंदा चालायचा. त्या ठोकण्या-उपटण्याने कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याचे कडे विद्रूप होताहेत हे त्यांना आणि भागीदार टॉम फ्रॉस्ट यांना दिसलं. त्यांनी आपल्याच कॅटलॉगमध्ये तसं लिहिलं, आणि न ठोकता फटीत बसवायचे चॉक कसे वापरायचे हे शिकवणारा डग रॉबिन्सन यांचा चौदा पानी लेख छापला. काही महिन्यांत पिटॉनचा खप ओसरला आणि चॉक बनवायला हात कमी पडू लागले. विक्रेत्याने खरं आणि नीट समजावून लिहिलं तर लोकांची डोंगरात वागण्याची पद्धत बदलते, आणि धंदाही बुडत नाही, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आपल्याकडे आणखी एक विषय कुणीच लिहीत नाही. मासिक पाळीत ट्रेकला गेलं तर काय सोबत न्यायचं, गडावर आडोसा कुठे शोधायचा, वापरलेले पॅड कशात बांधून खाली आणायचे. ग्रुपमधल्या मुली हे मला कुजबुजत विचारतात. दुकानातल्या काउंटरवर त्या विचारणार नाहीत. तिथे लिखित माहितीच हवी, साध्या मराठीत, न लाजता. तीच गोष्ट पैशांची. कॉलेजच्या पोराला पहिल्या ट्रेकला काय विकत घ्यायची गरज नाही, काय भाड्याने मिळतं, घरातलं काय चालतं, हे जो विक्रेता सांगेल त्याच्याकडे तो पोरगा पुढची वीस वर्षं येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मांडणीचं थोडक्यात सांगते, कारण ते तुलनेने सोपं आहे. ऋतू आणि वाटेचा प्रकार पहिल्या ओळीत. मजकूर कधी तपासला ती तारीख वर, दिसेल अशी. उन्हात फोनवर वाचता येतील एवढी ठसठशीत अक्षरं, फिकट राखाडी नकोत. वाचायला सुरुवात करताच समोर सवलतीची खिडकी उघडू नका. आणि यादी अशी करा की एका स्क्रीनशॉटमध्ये मावेल. पायथ्याच्या गावापुढे रेंज नसते आणि लोक ती व्हॉट्सॲपवर ग्रुपला पाठवणारच आहेत.

माझ्या मित्रयादीत अशा कंपन्यांत काम करणारे काही जण आहेत हे मला माहीत आहे. तुमच्या मराठी मजकुरासाठी इंग्रजी पान अनुवादाला देऊ नका. आमच्यासारखे चालणारे, गावातले वाटाडे, बचावकार्यात उतरणारे स्वयंसेवक यांना एका टेबलाशी बसवा. पावसाळी ट्रेक, हिवाळी मुक्काम आणि पहिला हिमालय, एवढ्या तीनच विषयांपासून सुरुवात करू. मी वेळ द्यायला तयार आहे, मोबदला नको. आणि बाकीच्यांनी कमेंटमध्ये लिहा: सामान घेताना तुम्हाला कोणता प्रश्न पडला होता ज्याचं उत्तर कुठेच मिळालं नाही? मी ते सगळे एकत्र करून त्यांच्यापर्यंत पोचवते.