डायनासोरचं चित्र बदलतं म्हणून ते खोटं ठरत नाही

माझा सहावीतला भाचा वरळीला राहतो. शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याने कार्डशीटवर पिसांचा डायनासोर काढला होता. परवा गेले तर हा जमिनीवर बसून खोडरबराने पिसं खोडत होता. शेपटीपाशी कागद पार सोलवटला होता. म्हणाला, "आत्या, अप्पाआजोबांनी ग्रुपवर टाकलंय, हे सगळं खोटं असतं." तोच मेसेज मी दोनदा पाहून सोडून दिला होता. आता नाही सोडणार.

मेसेज असा: डायनासोर कोणी पाहिलेला नाही, रंग मनाचे, चित्र दर काही वर्षांनी बदलतं, म्हणजे सगळी थाप. मुलांच्या पुस्तकांतून ही चित्रं काढून टाका. सोबत पंखांच्या जागी कोयत्यासारखे हात असलेला एक हंस, आणि खाली ओळ: 'शास्त्रज्ञ सांगाड्यावरून हंस असा काढतील.'

कोणी पाहिलेला नाही, खरंय. हाडं मात्र पाहिली आहेत. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथे खूण राहते, आणि चित्रकार त्या खुणांवरूनच मांस चढवतो.

रंगांचं निम्मं मान्य करते. बहुतेक प्राण्यांचे रंग आजही अंदाजानेच भरतात. पण चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या पिसांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण टिकून राहिले होते. २०१० साली त्यांच्या आकारावरून संशोधकांनी त्याच्या शेपटीवरचे तांबूस-पांढरे पट्टे ओळखले. भाच्याने नेमके तेच पट्टे काढले होते, आणि तेच तो खोडत बसला होता.

तो हंस तर नामशेष प्राण्यांची चित्रं काढणाऱ्यांनीच २०१२ साली आपल्या जातभाईंना सुनावण्यासाठी काढला. नुसत्या हाडांवर कातडी ताणून बसवाल, चरबी-पिसं विसराल, तर जिवंत हंसाचंही असं होईल, हे दाखवायला. मेसेज लिहिणाऱ्याने ती कानउघाडणी उचलली आणि पुरावा म्हणून फिरवली.

आता 'बदलतं म्हणजे खोटं'. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण मुलाच्या मनात हेच रुतून बसतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ साली इग्वानोडॉन या डायनासोरचे पुतळे उभे राहिले, नाकावर शिंग असलेले. १८७८ मध्ये बेल्जियमच्या कोळसा खाणीत अख्खे सांगाडे मिळाले आणि ते शिंग म्हणजे अंगठ्याचं हाड निघालं. चूक डोळ्यांसमोर उभी होती म्हणूनच ती दाखवता आली.

लंडन लांब वाटत असेल तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात या. डायनासोरच्या चित्रात पायाखाली गवत काढायचं नाही, असा दंडकच होता, कारण गवत फार नंतर पसरलं असं मानत. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ती तपासली, तर आत गवतातले सिलिकाचे कण! २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. तेव्हापासून त्या काळाच्या चित्रात गवत काढायला आधार मिळाला. थाप मारणारा माणूस शेणातला कण पाहून आपलं म्हणणं बदलत नाही.

राहिली पुस्तकांतून चित्रं काढून टाकायची गोष्ट. मला तर एक वाढवून हवंय. वरळीच्या टेकडीतल्या खडकात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचा एक थर निवून दुसरा यायच्या मधल्या काळात, इथे गोड्या पाण्याची उथळ तळी होती आणि त्यात हे बेडूक राहत. अप्पांचा जन्म वरळीतला, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला तरी त्या तळ्याचं चित्र अजून एकाही शाळेच्या भिंतीवर दिसलेलं नाही.

काल भाच्याला नवी कार्डशीट दिली. पट्टे परत आलेत. बेडूक खालच्या कोपऱ्यात काढ म्हटलं, तर म्हणाला, "आत्या, दोघांत सहा कोटी वर्षांचं अंतर आहे. त्यांना वेगळा कागद लागेल."