हँडल लॉक

नाशिकच्या द्वारका सर्कलला गाडी बंद पडणं आणि लग्नाच्या पंगतीत वाढताना लेंग्याची नाडी सुटणं यात फरक एवढाच, की नाडी सुटल्यावर मागून बसवाला हॉर्न मारत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रिक्षा आणि बसच्या मधल्या फटीत मी माझी बारा वर्षं जुनी बाईक हळूच घुसवत होतो आणि एकदम सगळं गेलं. इंजिन बंद, हॉर्न बंद, इंडिकेटर बंद, सेल्फ दाबला तर साधं टिक सुद्धा नाही, किका मारून मारून पोटरीत गोळा आला तरी गाडी ढिम्म. शेवटी ढकलत कडेला आणली, घाम पुसला, सहज चावी फिरवली तर न्यूट्रलचा हिरवा दिवा अगदी "काय झालं?" असं विचारल्यासारखा लागला आणि अर्ध्या किकेत गाडी चालू.

तशीच गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, "सर, गाडी तर चालू आहे." म्हटलं, आत्ता चालू आहे. "मग बंद पडली की आणा." आता बंद पडल्यावर द्वारकेहून इंदिरानगरपर्यंत ती कशी आणायची हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. त्याने प्लग बदलला. आठ दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, नवव्या दिवशी आमच्याच गेटात बंद. मग बॅटरी बदलली, "चार वर्षं झाली म्हणजे गेलीच समजा." परत आठ दिवस. मग आरआर युनिट, म्हणजे ते मॅग्नेटकडून येणारा करंट सरळ करून बॅटरीला मापात देणारं डबडं. मग लॉकसेट. घरात बायकोने एक पिशवीच केली, "गाडीचे काढलेले पण चांगले पार्ट" अशी, आणि ती पिशवी बघितली की ती माझ्याकडे बघायची.

दरम्यान सल्ले. शेजारचे काका म्हणाले, पेट्रोलमधे पाणी आहे. ऑफिसातल्या एकाने कार्ब्युरेटरवर ठपका ठेवला, हॉर्न वाजत नाही त्याचा कार्ब्युरेटरशी काय संबंध असं विचारलं तर म्हणे सगळं एकमेकांशी कनेक्टेड असतं राव. सासरेबुवांनी फोनवर कॉइल गरम होते सांगून तिच्यावर ओला फडका टाकायला लावला, त्यांच्या जुन्या स्कूटरला चालायचं म्हणे. मी भर रस्त्यात सीट उघडून फडका टाकला. लोकांना वाटलं मी गाडीला ताप आला म्हणून पट्टी ठेवतोय.

सगळ्यात जिव्हारी लागायचं ते वेगळंच. तीच गाडी पोरगं कॉलेज रोडला रोज न्यायचं आणि त्याच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. "पप्पा, तुम्ही चालवता तेव्हाच होतं." पोराला घरात बोलता येईना असं काहीतरी उत्तर मला पाहिजे होतं, म्हणून मी वही घातली. शनिवार, ऊन, घराचं गेट. मंगळवार, पाऊस, मेन रोड, गायीला वळसा घालताना. परत मंगळवार, भाजी बाजार, यू टर्न. यावरून मी निष्कर्ष काढला की गाडीला मंगळवार सोसत नाही. उत्तर त्याच ओळींमधे लिहिलेलं होतं हो, माझ्याच अक्षरात, पण मी वारांकडे बघत बसलो.

मग एमजी रोडवरून तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. रात्री पार्किंगमधे, तोंडात मोबाईलचा टॉर्च धरून, बॅटरी मोजली. 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल्ल. गाडी चालू करून मोजली तर 14.1, चार्जिंग अगदी पुस्तकात लिहितात तसं. हेडलाईट उघडून आतल्या कपलरला, म्हणजे वायरी जिथं एकमेकींत खोचतात त्या सांध्याला, मोजलं, तिथंही 12.5. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि पेशंट चौकात आडवा पडतो! वॉचमन येऊन बघून गेला, काही बोलला नाही.

शेवटी कुणीतरी आडगाव नाक्याजवळचा एक वायरिंगवाला सांगितला. साठीच्या पुढचे काका, दुकानात स्टूल, कटर, सोल्डरिंगची कावी आणि भिंतीवर देवाचा फोटो, बास. मी वही उघडली तर म्हणाले, "ते राहू द्या. रात्री गाडी लावता तेव्हा हँडल लॉक करता का?"

"रोज!" मी जरा छाती फुगवूनच म्हणालो. आमच्या सोसायटीतून एक गाडी चोरीला गेली तेव्हापासून एक रात्र चुकलेली नाही.

"आणि पोरगा?"

पोरगा कुठला करतो. चावी काढून नेली तरी उपकार.

काका हसले. मी मीटरचे आकडे सांगितले तर त्यांनी इंडिकेटरचा एक बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी जोडलेल्या. म्हणाले, मीटरला करंट लागतच नाही म्हटलं तरी चालेल, वायरीतली केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. बल्ब खातो करंट, तो खोटं बोलत नाही. बल्ब लावला, मिणमिणता पेटला. मग त्यांनी हँडल हळूहळू डावीकडे नेलं, पार टोकाला, आणि बल्ब विझला. सरळ केलं, पेटला. मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

टाकी काढली. हेडलाईटच्या मागून टाकीखाली जाणारं वायरिंग हँडलच्या मानेपाशी वाकतं, तिथं एका वायरीचं वरचं प्लास्टिक धडधाकट आणि आतलं तांबं तुटलेलं. रोज रात्री मी ते डावीकडे ताणून लॉक करायचो, वर्षानुवर्षं. लॉकमधून इग्निशनला जाणारी सप्लाय तीच, म्हणून किकेलाही दाद नाही. पोरगं गाडी अंगाने वळवतं, हँडल टोकापर्यंत नेणारा मी एकटाच. आणि बंद पडली की ढकलताना हँडल सरळ होणार, वायर जुळणार, गॅरेजात गाडी गुणी बाळ. पार्ट बदलताना वायरिंग जरा हललं की तेवढे आठ दिवस बरे जायचे.

काकांनी वीतभर नवीन वायर जोडली, सोल्डर केली, वाकायला ढील ठेवली. दीडशे रुपये. मी पाचशेची नोट दिली तर सुट्टे नाहीत म्हणून चिडले.

घरी आलो. पोराला एवढंच सांगितलं की लूज कॉन्टॅक्ट होता. रात्री अकराला सवयीने खाली गेलो, हँडल डावीकडे वळवलं, चावी दाबली आणि तसाच थांबलो. लॉक करावं तर वायर, न करावं तर चोर. वरून गॅलरीतून बायकोचा आवाज आला, "अहो, आता काय मोजताय?"