‘स्वतःपुरता गॅस भरला तर चालतं’? कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या मेसेजची झडती

कॅम्पर व्हॅन आणि गाडीतून भटकंती करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरला नळी लावून गाडीतला छोटा सिलिंडर स्वतःच भरा. स्वतःच्या वापरासाठी असेल तर गुन्हा नाही, 100 किलोपर्यंत लायसन्स लागत नाही. वजनकाट्यावर ठेवून भरलं की धोका नाही. बाजारातले 2–3 किलोचे सिलिंडर आयएसआयच असतात. नाहीतर ऑटो एलपीजीच्या, म्हणजे गाड्यांत इंधन म्हणून गॅस भरणाऱ्या पंपावर भरून घ्या, परदेशात सगळे तसंच करतात. आणि पैसे किती वाचतात बघा.

यातला पैशांचा मुद्दा तेवढा खरा आहे, आणि मेसेज पसरण्याचं कारणही तेच. बाकीचे एकेक करून पाहू.

दावा: 100 किलोपर्यंत लायसन्स लागत नाही.

हा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. गॅस सिलिंडर नियम 2016 मध्ये एकूण 100 किलोपर्यंतचा एलपीजी भरलेल्या सिलिंडरांत *बाळगायला* परवान्याची गरज नाही, अशी सूट खरंच आहे. छोट्या हॉटेलात मागे चार व्यावसायिक सिलिंडर उभे असतात ते याच सवलतीवर. पण सिलिंडर *भरण्यासाठी* परवाना लागतोच, आणि तिथे किलोची कोणतीही खालची मर्यादा नाही. 5 किलो भरा नाहीतर 500 ग्रॅम, विनापरवाना ते विनापरवानाच. हा परवाना पेसो, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, देते. तोही जागा, यंत्रणा आणि अंतरं तपासून. बिल्डिंगच्या गच्चीला किंवा पार्किंगला तो मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

दावा: विकलं तरच गुन्हा, स्वतःसाठी भरलं तर नाही.

एलपीजीचा पुरवठा आणि वितरण 2000 सालच्या एका केंद्रीय आदेशाखाली चालतं. हा आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियम 1955 खाली काढलेला आहे. घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच आहे आणि त्यातून दुसऱ्या सिलिंडरमध्ये गॅस काढणं बेकायदा आहे. पोलीस आणि पुरवठा विभागाचे छापे पडतात ते याच तरतुदींवर. अधिनियमाच्या कलम 7 नुसार शिक्षा किमान तीन महिने, कमाल सात वर्षं, शिवाय दंड. ज्वलनशील पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 287 वेगळं लागू शकतं. यांपैकी काहीही लागण्यासाठी गॅस विकलेला असावा लागत नाही.

विम्याचंही लक्षात घ्या. घरगुती कनेक्शनवर तेल कंपन्यांनी काढलेला जो विमा असतो, त्यातली मालमत्तेची भरपाई ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यापुरती आहे. ताम्हिणीत उभी असलेली व्हॅन हा तो पत्ता नव्हे.

दावा: वजन करून भरलं की ओव्हरफिल होत नाही.

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण सगळा धोका त्यातच आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर साधारण 33.3 लिटर मावतं. म्हणजे दर लिटर जागेमागे सुमारे 426 ग्रॅमच गॅस भरतात. द्रवरूप गॅसचं वजन 15 अंशाला लिटरला साधारण 550 ग्रॅम असतं. त्यामुळे द्रव व्यापतो जेमतेम 26 लिटर आणि वर सात लिटर जागा मोकळी राहते. ही जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण तापमान वाढलं की हा द्रव पाण्याच्या कित्येक पट जास्त फुगतो. 55 अंशाला तोच गॅस 29 लिटरच्या आसपास जातो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत 55 अंश ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आता 5 किलोचा सिलिंडर घ्या. त्याची जागा सुमारे 12 लिटर, म्हणजे काठोकाठ भरला तर साडेसहा किलोपर्यंत द्रव बसतो. मोठा सिलिंडर वर उलटा आणि छोटा खाली ठेवला की द्रव खाली येत राहतो. छोट्यातली वाफ दाबली जाते तशी तिचाच द्रव होतो, त्यामुळे प्रवाह आपोआप थांबेल अशी काहीच यंत्रणा तिथे नाही. लवकर भरावा म्हणून लोक छोट्याला बर्फ लावतात. त्याने गार द्रव आणखी जास्त मावतो. पुढे तो सिलिंडर गाडीत तापला आणि वाफेची जागा संपली की दाब वाफेचा राहत नाही, कोंडलेल्या द्रवाचा होतो. मग दर अंशाला तो कित्येक बारने चढतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). पोलाद ताणलं जातं, वेल्ड किंवा व्हॉल्व्ह हार मानतो.

काटा यावर उपाय नाही का? कागदावर आहे. प्रत्यक्षात नळी जोडलेली असताना तिचा ताण काट्यावर येतो आणि आकडा खोटा दिसतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर कोरलेलं असतं, पण तळाशी जुना गॅस किती उरलाय ते आधी तोलायला कुणी थांबत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा हे ठिणगीचं साधन ऐन गॅसच्या शेजारी मांडलेलं असतं. आणि समजा 600 ग्रॅम जास्त गेला, तर काढणार कसा? व्हॉल्व्हमधली पिन दाबून हवेत सोडतात. अर्धा किलो गॅसची वाफ होते सव्वादोनशे लिटर. हवेत एलपीजीचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास गेलं की मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणजे अर्ध्या किलोत 11 घनमीटर हवा स्फोटक होते, आणि कॅम्पर व्हॅनच्या आतली जागा साधारण तेवढीच असते. त्यात हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो उडून जात नाही, फरशीवर, बेसमेंटमध्ये, गटाराच्या जाळीत साचतो.

बॉटलिंग प्लांटमध्ये भरलेला प्रत्येक सिलिंडर पुन्हा तोलतात, व्हॉल्व्ह आणि त्यातली रबरी ओ-रिंग गळते का ते तपासतात, पाण्याच्या टाकीतून नेऊन बुडबुडे पाहतात, मग सील लावतात. जुगाडू नळीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबली की नेमकी हीच ओ-रिंग आणि पिनेची बैठक खराब होते. गळती त्या दिवशी दिसतेच असं नाही. चार दिवसांनी, गाडीत झोपलेलं असताना सुरू होते.

सराईत लोकांकडूनही हे सुटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या ताथवड्यात टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरताना आग लागली, एकामागून एक सिलिंडर फुटले आणि जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या.

दावा: ऑटो एलपीजी पंपावर भरून मिळतो, परदेशात हेच चालतं.

आपल्याकडे हे पंप गाडीला कायम बसवलेल्या, मान्यताप्राप्त टाकीतच गॅस भरू शकतात. त्या टाकीत, ती 80 टक्के भरली की प्रवाह तोडणारा व्हॉल्व्ह असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये तो नसतो.

ब्रिटनमधलं उदाहरण तर मेसेजच्या उलट बाजूने बोलतं. तिथले मोटारहोमवाले गॅसलोसारखे खास पुन्हा भरता येणारे सिलिंडर बसवतात. त्यांना 80 टक्क्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, ते कप्प्यात पक्के बांधलेले असतात आणि बाहेरून भरण्याचं तोंड वेगळं असतं. त्याच देशात कॅलर या गॅस कंपनीचा नेहमीचा सिलिंडर ही कंपनीची मालमत्ता असते आणि तो पंपावर भरायला मनाई आहे. म्हणजे परदेशात ‘हेच’ चालत नाही.

दावा: बाजारात मिळणारे 2–3 किलोचे सिलिंडर आयएसआय असतात.

काही असतात, बरेच नसतात. वर बर्नर बसवलेले, पातळ पत्र्याचे, गल्लीत किलोवर गॅस भरून मिळणारे घेऊच नका. कॅम्पिंगच्या स्टोव्हचे ब्यूटेनचे कॅनही एकदाच वापरायचे असतात.

दावा: पैसे वाचतात.

वाचतात. 5 किलोच्या खुल्या विक्रीच्या, म्हणजे कनेक्शनशिवाय मिळणाऱ्या सिलिंडरला व्यावसायिक दर आणि 18 टक्के जीएसटी लागतो, घरगुतीला 5 टक्के. पण व्हॅनमध्ये लागतो किती? छोटा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण 150 ग्रॅम गॅस खातो. 5 किलोत 33 तास झाले. दिवसाला दीड तास शेगडी चालली तर तीन आठवडे निघतात. एवढ्या गॅसवर दरातला फरक वाचवून डिझेलच्या एका टाकीचाही खर्च निघत नाही.

मग सरळ रस्ता कोणता? इंडियन ऑइलचा ‘छोटू’, एचपीचा ‘अप्पू’ असे 5 किलोचे सिलिंडर डीलरकडे आणि काही पेट्रोल पंपांवर फक्त ओळखपत्रावर मिळतात, पत्त्याचा पुरावा लागत नाही. रिकामा देऊन भरलेला घ्यायचा. 5 किलोचा कॉम्पोझिट, म्हणजे पोलादाऐवजी प्लास्टिक आणि काचतंतूंचा प्रकारही आहे: वजनाला हलका, गंजत नाही, आणि गॅस किती उरलाय ते बाहेरून दिसतं. रेग्युलेटर त्याच डीलरकडून, त्या व्हॉल्व्हला बसणाराच घ्या. घेताना सील, वजन आणि पट्टीवरची तपासणीची मुदत बघा. तिथल्या अक्षरांत A म्हणजे जानेवारी ते मार्च, D म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष.

गाडीत सिलिंडरचा कप्पा वेगळा हवा: आतल्या बाजूने हवाबंद, दार बाहेर उघडणारं, तळाला कायम उघडी जाळी. युरोपीय मानकात फक्त खालीच जाळी असेल तर तिचं क्षेत्रफळ कप्प्याच्या तळाच्या 2 टक्के आणि किमान 100 चौरस सेंटिमीटर लागतं. जाळीखाली सायलेन्सर येता कामा नये. सिलिंडर उभाच, दोन पट्ट्यांनी आवळलेला. नळी आयएस 9573 या भारतीय मानकाची, दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदललेली. गॅस अलार्म छताला नाही, फरशीपासून वीतभर उंचीवर. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर काढून दोरीची सेफ्टी कॅप लावायची. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बघा, पंखा किंवा दिव्याचं बटण दाबू नका, दारं उघडून बाहेर पडा आणि दूर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.