कचरा वाहणाऱ्या रोल्स-रॉईसची गोष्ट खोटी आहे

भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण पाठ केलंय. विषय स्वाभिमान, मजकूर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. अलवरचे महाराजा जयसिंह १९२० साली साध्या कपड्यांत लंडनच्या रोल्स-रॉईस शोरूममध्ये गेले, सेल्समनने हाकललं. मग त्यांनी थाटात परत येऊन सहाच्या सहा गाड्या घेतल्या आणि अलवरला कचरा वाहायला लावल्या. कंपनी डबघाईला आली, माफीची तार आली, वर सहा गाड्या फुकट. इतकी वर्षं मी हे वाचून सोडून देत होतो. आता घरातल्या पोरीच्या तोंडी आलं, म्हणून लिहितो.

हाच किस्सा पतियाळाच्या भूपिंदरसिंहांच्या, हैदराबादच्या निजामाच्या, भरतपूरच्या किशनसिंहांच्या नावावरही फिरतो. खरी घटना अशी राजे बदलत फिरत नाही. शिवाय त्या काळी कंपनी इंजिनासह चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तेवढी बनवायची. बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे बार्कर, हूपर यांच्यासारखे कोचबिल्डर चढवायचे. प्रत्येक चासीचं कार्ड असायचं: नंबर काय, विकली कोणाला, बॉडी कोणाची. ती कार्डं इंग्लंडात पॉलर्सपरीच्या हंट हाउसमध्ये, रोल्सप्रेमींच्या क्लबने जपून ठेवली आहेत. सहा गाड्या म्हणजे सहा नंबर. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी त्यातला एक तरी दाखवावा.

डबघाईचं म्हणाल, तर याच कंपनीने १९२१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला कारखाना काढला, १९२५ मध्ये नवी फँटम आणली, १९३१ मध्ये बेंटली विकत घेतली. ती खरोखर बुडाली १९७१ मध्ये, आरबी २११ या विमान-इंजिनाच्या खर्चापायी. आणि या मेसेजसोबत फिरणाऱ्या फोटोत गाडीच्या चाकांपुढे बांधलेले ते झाडू टायरखाली खिळे येऊ नयेत म्हणून असतात. त्यांनी कचरा उचलला जात नाही.

लंडनमध्ये भारतीय माणसाचा अपमान व्हायचा, हे मान्य. संस्थानिकांकडे रोल्स पुष्कळ होत्या, हेही मान्य. त्या चासी इतक्या दणकट की पहिल्या महायुद्धात त्यांवर रुग्णवाहिका आणि चिलखती गाड्या उभ्या केल्या. तेव्हा एखादी जुनी रोल्स कुठे ओझी वाहत असेलही.

पण स्वाभिमानाचा आदर्श म्हणून आपण मुलांपुढे कोणाला उभं करतोय? १४ मे १९२५ रोजी अलवर संस्थानातल्या नीमूचाना गावी, वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर याच महाराजांच्या फौजेने गोळ्या झाडल्या, घरं जाळली. गांधीजींनी त्याला डायरशाहीच्याही वरताण ठरवलं. महाराजांच्या गाड्या येणार होत्या त्या याच रयतेच्या साऱ्यातून. आणि सूड कोणता, तर गाडीने कचरा वाहणं! म्हणजे कचरा वाहणं हीच नामुष्की. आमच्या घंटागाडीवरच्या ताईंची मुलगी भाचीच्याच वर्गात आहे. ती समोर बसून हे ऐकणार, टाळ्यांसकट.

रोल्सचीच गोष्ट हवी असेल, तर १९०८ ची घ्या. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई–कोल्हापूर–मुंबई चाचणीत घाट चढत-उतरत ६२० मैल धावली आणि जिंकली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. भाचीला हे आवडलंय. स्पर्धा परवा आहे. आज रात्री दोघं बसून भाषण नव्याने लिहितोय.