भंडारदऱ्याच्या काजव्यांना अंधार हवाय

शनिवारी रात्री रतनवाडीच्या रस्त्यावर दोन तास अडकलो होतो. पुढे-मागे नुसत्या गाड्या, सगळ्यांचे दिवे लख्ख चालू. त्या रांगेत माझीही गाडी होती, म्हणून आणखीच वाईट वाटलं.

शेवटी गाडी कडेला लावून ओळखीच्या मामांबरोबर जरा आत चालत गेलो. मामांनी टॉर्च लावू दिला नाही. डोळे अंधाराला सरावले आणि समोरचं सादड्याचं झाड काजव्यांनी उजळलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरसर लाट गेली, विझली, परत पेटली. बोलवेचना. तेवढ्यात वळणावरून एका गाडीचा झोत थेट झाडावर आला आणि सगळं गप्प. गाडी गेली तरी झाड बराच वेळ काळंच. मग खालच्या फांदीवर एक ठिपका लुकलुकला.

मंडळी, तो उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद आहे. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत, पाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात जातं. पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम काही आठवडे. त्यातच जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. आपल्या दिव्यांत ती सादच दिसेनाशी होते. आणि फोटोसाठी आपण ज्या पाचोळ्यावर उभे राहतो, तिथंच पुढची पिढी असते.

हे अभयारण्य आहे हो! कळसूबाई-हरिश्चंद्रगड, 1986 पासून. 1646 मीटरचं कळसूबाई इथलं, कोकणकडा इथला, शेकरूही इथलं.

'पर्यटकांवर बंदीच घाला' म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना पावसाळी भात आणि हिरड्याच्या पलीकडे फारसं उत्पन्न नाही. तंबू आणि पिठलं-भाकरीतून या दिवसांत चार पैसे हाती येतात, ते काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार?

माझं म्हणणं एवढंच आहे की अंधार पडल्यावर बाहेरच्या गाड्या धरणाजवळच्या शेंडी गावातच थांबवा. पुढे गावातल्याच जीप, त्याही मोजक्या. झाडापाशी जायचं ते गावातल्या वाटाड्याबरोबर, पायवाट न सोडता. हे पैसेही गावातच राहतील.

पुढच्या आठवड्यात जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा. मोबाइल खिशातच ठेवा आणि दहा मिनिटं नुसते उभे राहा.